पाय परत पाठवायची रीत

गुणाबाई गुरनुलेला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाकीच्या बाया शेताच्या धुऱ्यावर बसून शिदोरी सोडायच्या. ही उभ्या उभ्या दोन घास पोटात टाकून पुन्हा चिखलात उतरायची. लग्न झालं आणि नवरा रामाजी तिला धानोऱ्याकडच्या मोहगावातून उचलून माजरीकडच्या एका कोळसाखाणीवर घेऊन गेला. तो खाली उतरायचा, ही वर बायांबरोबर कोळसा भरायची. पुढं रामाजी हिवतापानं गेला. माणसं म्हणाली, आता माहेरी जा. ती गेली नाही. हाताला काम होतं, पायाला चाल होती, तिला तेवढं पुरे होतं.

मग एका दुपारी रुळावरून सुटलेला कोळशाचा डबा खाली आला आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

खाणीच्या दवाखान्यात ती पडून होती तेव्हा दुखण्यापेक्षा पडून राहण्याचाच तिला जास्त त्रास झाला. नसलेल्या पायाची बोटं खाजायची. ती हात खाली न्यायची आणि हाताला चादर लागायची. खाणीच्या मालकांनी मुंबईच्या एका कारखान्यातून तिच्यासाठी पाय मागवला. लाकडाचा आणि चामड्याचा. घोट्यात लोखंडी खीळ, वर मांडीला बांधायचे पट्टे. दवाखान्याच्या कंपाउंडरनं तो तिच्या मांडीवर ठेवला आणि सोबत एक घडी घातलेला छापील कागद दिला.

"हा जपून ठेवजो, बाई. पाय बिघडला तं कारखान्यात धाडा लागते. दुसऱ्या कोनाचा हात लागला तं ते लोक पाय घेतच नाईत. समदं याच्यात लिवलं हाय."

गुणाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद बिस्किटाच्या डब्यात तळाशी ठेवला आणि चालायला शिकू लागली. पडली, उठली, खुंटाला फोड आले, फुटले, घट्टे पडले. मग एक दिवस तिनं बोचकं बांधलं आणि मोहगावी भावाच्या घरी आली.

भाऊ लटारू चांगला होता. भावजय कमळाही वाईट नव्हती. पण "बाई, तुमी बसा, मी करतो" हे वाक्य गुणाबाईनं चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी गडचिरोलीहून मनेरी सामान आणलं. सुया, दोरा, फण्या, आरसे, रिबिनी, बांगड्या, आणि गोंडिणींना लागतात तसे लाल-पांढरे बारीक मणी. टोपलं डोक्यावर घेऊन ती आठवडी बाजार करू लागली. सोमवारी एक गाव, बुधवारी दुसरं. लाकडी पाय टाकताना तिची चाल जराशी हलायची, पण डोक्यावरचं टोपलं हलायचं नाही. जंगलातल्या गावांतून बाया तिची वाट बघत बसायच्या. तिला दोन-चार गोंडी शब्द यायला लागले. ती परत आली की तिच्या अंगाला रानाचा आणि धुळीचा वास यायचा आणि ती खूष असायची.

सत्तावन्न साली भादवा सरता सरता तो पाय तुटला.

धानोऱ्याच्या बाजाराहून येताना वाटेत नाला होता. पाणी उतरलं होतं, पण दगड शेवाळलेले होते. लाकडी पाऊल दोन दगडांच्या मधे अडकलं. गुणाबाईनं हिसडा दिला. घोट्यात कट् असा आवाज झाला आणि पाऊल उलटं फिरलं. खीळ तुटून तिचं एक टोक बाहेर आलं होतं. ती काठावर बसली. ते पाऊल हातात घेऊन तिनं सरळ केलं, सोडलं. ते पुन्हा कलंडलं. मागून येणाऱ्या बैलबंडीवाल्यानं तिला घरी आणून सोडलं.

लटारूनं पाय उलटासुलटा करून पाहिला. "एक खीळच तं हाय, बाई. वाढयाकडे नेतो. सुताराचं दोन घडीचं काम."

"हात नको लावू!" गुणाबाई एवढ्या जोरात ओरडली की आतून कमळा बाहेर आली. "कोनाचा हात लागला तं ते कारखान्यातले घेत नाईत. मंग पुढं काई झालं तं मी कुठी जाऊ? पयले कोनाकडून कागद वाचून घेऊ दे."

तिच्या मनात हिशेब चालू झाला होता. दिवाळी पुढं महिन्याभरावर. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते; आज या गावी, उद्या त्या गावी. रात्री दंडारीचे खेळ होतात, पाव्हणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात. वर्षाची निम्मी विक्री त्या दिवसांत. त्याच्या आत पाय मुंबईला जाऊन परत यायला हवा होता.

गावातल्या शाळेचे बापूजी मास्तर वर्ध्याकडचे. सज्जन माणूस, सरकारी कागद वाचायची त्यांना आवड होती. गुणाबाई लटारूच्या खांद्याचा आधार घेऊन, लंगडी घालत त्यांच्या ओसरीवर गेली. मास्तरांनी कागद उलगडला. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी.

"अरे वा, मराठी आहे," मास्तर म्हणाले. "मग काय अडचण नाही. ऐका. 'अवयव दुरुस्तीस्तव परत करणेपूर्वी कारखान्याची अनुज्ञा प्राप्त करावी.' म्हणजे आधी परवानगी मागायची. ठीक. 'अनुज्ञेसाठी अवयवाचा क्रमांक कळविणे.' पायाला नंबर आहे का हो?"

"मले नाई दिसला कधी."

"थांबा, इथं लिहिलंय. 'क्रमांक कोषाचे आतील अंगास, चामडी अस्तराचे खाली कोरलेला आहे.'" मास्तरांनी पाय हातात घेतला. वरच्या पोकळीत, जिथं खुंट बसतो, तिथं आतून मऊ चामडं चिकटवलेलं होतं. "हे अस्तर. याच्या खाली."

"मंग काढा ते."

मास्तरांनी बोट चामड्याच्या काठाला लावलं आणि तसंच ठेवलं. त्यांची नजर कागदावर पुढं गेली होती. "'अस्तर कोणत्याही परिस्थितीत काढू नये. अस्तर काढलेला अवयव स्वीकारला जाणार नाही.'"

मास्तरांनी बोट हळूच मागं घेतलं.

"पुन्हा वाचा, गुर्जी," गुणाबाई म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा वाचलं. तेच होतं. मग ते भराभर खाली गेले. फक्त बिघडलेला भाग पाठवावा, असं एके ठिकाणी होतं. सुटे केलेले भाग घेतले जाणार नाहीत, असं त्याच्या खाली होतं. भाग कसा सोडवावा हे 'आकृती दोन'मध्ये पाहायचं होतं. मास्तरांनी कागद उलटा केला, उजेडापुढं धरला. आकृती एक होती. तिच्यात एक टोपीवाला साहेब पाय बांधून हातात काठी घेऊन हसत उभा होता. आकृती दोन कुठंच नव्हती.

"सरकारी डॉक्टरसमोर पायाच्या मालकानं दहा पावलं चालून दोष दाखवावा, आणि तसा दाखला जोडावा," मास्तर शेवटी हळू आवाजात म्हणाले. "आणि दुसऱ्या पायाचा बूट सोबत पाठवावा."

"कोनता बूट?"

"तुमच्या उजव्या पायाचा."

गुणाबाईनं आपल्या उजव्या पायाकडं बघितलं. टाचेला भेगा, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. या पायात आयुष्यात कधी चप्पल गेली नव्हती.

मास्तरांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. अडचण सांगितली: नंबर अस्तराखाली, अस्तर काढायचं नाही, तर नंबर कळवायचा कसा? बाई अनवाणी चालतात, तर बूट कुठला? पत्र नम्र होतं आणि सुरेख अक्षरातलं होतं. टपालवाला ते घेऊन गेला.

गुणाबाई दारात बसून राहिली. लटारूनं तिला बांबूची कुबडी करून दिली होती. ती कुबडी घेऊन गावाच्या शिवेपर्यंत जायची, टपालवाल्याच्या वाटेकडं बघायची, परत यायची. काख सोलून निघाली तरी जायची. घरी असली की मणी निवडायची: लाल वेगळे, पांढरे वेगळे. निवडून झाले की पुन्हा एकात एक ओतायची आणि पुन्हा निवडायला लागायची. कमळानं एकदा न राहवून म्हटलं, "बाई, जराशा निवांत बसा ना."

"बसूनच तं राह्यली वो मी!" गुणाबाई म्हणाली आणि मण्यांचं सूप तिनं बाजूला ढकललं. मणी अंगणभर उडाले. कोंबड्या धावल्या. मग दोघीही खाली वाकून मणी वेचत राहिल्या.

मुंबईहून उत्तर आलं. लखोट्यात पत्र नव्हतं. तोच छापील कागद होता, दुसरी प्रत. पहिल्या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ ओढलेली होती: 'कारखान्याची अनुज्ञा प्राप्त करावी.'

मास्तरांनी तो कागद वाचून गुडघ्यावर ठेवला. मग चष्मा काढला. शाळेतल्या पोरांवरही कधी न चढणारा त्यांचा आवाज चढला. "अहो, पण मी हेच तर विचारलं होतं! माझं पत्र वाचलं तरी का यांनी?"

गुणाबाई उठली, घरी गेली, चुलीजवळचा चाकू घेतला आणि पायाचं अस्तर एका बाजूनं चिरलं. खाली लाकडावर आकडे होते. घामानं काळे पडलेले, पण वाचता आले. मागोमाग आलेल्या मास्तरांनी ते लिहून घेतले आणि पुन्हा मुंबईला पत्र टाकलं. तिनं डिंकानं चामडं जागेवर चिकटवलं आणि वरून दगड ठेवला.

या वेळी परवानगीचं कार्ड आलं. मग डॉक्टरचा दाखला. रस्ता अजून ओला होता, मोटार सुरू झालेली नव्हती. लटारूनं बंडी जुंपली आणि दोघं गडचिरोलीला गेले. दवाखान्यातला डॉक्टर नवीन होता, तरुण. त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, "ठीक आहे. पाय बांधा आणि चालून दाखवा."

"पाय तुटला हाय, साहेब."

"हो, पण यात लिहिलंय की मालकानं चालून दोष दाखवावा."

"मले चालता येत नाई, हाच तं दोष हाय ना."

डॉक्टर हसला. मग त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसणं थांबवलं. बराच वेळ तो पेन हातात धरून बसला. चालली असं लिहावं तर खोटं, नाही चालली असं लिहावं तर कागदात बसत नाही. शेवटी त्यानं जे खरं तेच लिहिलं: घोट्याची खीळ तुटलेली आहे, बाईला पाय टाकता येत नाही. सही केली. बाहेर येऊन त्यानं स्वतः पाय बारदानात बांधायला मदत केली. लटारूनं पार्सल टपालात टाकलं.

पाय गेल्यावर गुणाबाईची तगमग वाढली. तुटका का होईना, इतके दिवस तो कोपऱ्यात उभा तरी होता. आता कोपराही रिकामा. आडवं पडलं की नसलेली बोटं खाजायची. ती उठून बसायची, खुंट चोळायची, पुन्हा आडवी व्हायची. दिवाळी आली, गेली. मोटार सुरू झाली. पहिली मंडई शेजारच्या गावी भरली. ढोलकीचा आवाज मोहगावपर्यंत येत होता. तिच्याकडून दरवर्षी मणी घेणारी बुधरी, लांबच्या गावची गोंडीण, वाट वाकडी करून घरी आली आणि दारातूनच मणी घेऊन गेली. जाताना तिनं गुणाबाईच्या लुगड्याच्या मोकळ्या घोळाकडं बघितलं आणि मूठभर चारोळी समोर ठेवली. गुणाबाईला ते फार लागलं. दया तिला सोसत नसे.

आणि मग पाय आला.

लटारू पार्सल खांद्यावर घेऊन धावतच आला. गुणाबाईनं सुतळी दातानं तोडली. बारदान उलगडलं. पाय बाहेर काढला आणि उभा धरला. पाऊल कलंडलं.

ती बघत राहिली. तिनं बारदान झटकलं, आतून एक चिठ्ठी पडली. लटारू मास्तरांना बोलावून घेऊन आला. मास्तरांनी चिठ्ठी वाचली. अस्तर काढल्याचं आढळलं. पादत्राण सोबत नाही. चालून दाखवल्याचा उल्लेख दाखल्यात नाही. सबब अवयव दुरुस्तीविना परत.

"त्याईनं पाहिला तरी का?" गुणाबाईनं विचारलं. "खोलून पाहिला का?"

मास्तरांनी घोट्याजवळ बोट फिरवलं. तुटक्या खिळीवर नाल्यातला चिखल तसाच वाळलेला होता.

"गुणाबाई," मास्तर म्हणाले, "मी पुन्हा लिहितो. वरच्या साहेबाला लिहितो."

"नका लिवू, गुर्जी."

ती पाय मांडीवर घेऊन बसली होती. रडली नाही. तिचा उजवा पाय मात्र सारखा हलत होता, शिवण्याच्या यंत्रावर पाय असावा तसा. मग ती म्हणाली, "ज्यानं देल्ला त्याले जाऊन इचारतो. माजरीले जातो."

"एकटी?" लटारू म्हणाला. "धान कापाले आला हाय, बाई. मले येता येत नाई."

"तुले कोन ये मनते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाय पोत्यात घातला, पाठीशी बांधला, काखेत कुबडी घेतली आणि मोटारीत बसली. गडचिरोलीच्या पुढं वैनगंगा नावेनं ओलांडावी लागे. नावाड्यानं तिला दंडाला धरून उचलून ठेवलं. शेजारच्या माणसानं पोत्याकडं बघून विचारलं, "काय हाय यात? कंद का?"

"पाय," गुणाबाई म्हणाली.

तो माणूस नावेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

चांद्याला मुक्काम, मग आगगाडी. माजरीला उतरली तेव्हा हवेत कोळशाचा जुना वास होता आणि तो नाकात जाताच तिला एकदम रामाजी आठवला. ती थांबली नाही. थांबली असती तर बसावं लागलं असतं. तडक खाणीच्या दवाखान्यात गेली.

कंपाउंडर तोच होता. केस पिकले होते. त्यानं तिला ओळखलं. तिनं पोतं सोडून पाय टेबलावर ठेवला, त्याच्याशेजारी चिठ्ठी ठेवली आणि दोन्ही छापील कागद ठेवले.

"तुमी मनलं होतं, याच्यात समदं लिवलं हाय. आता सांगा मले, का करू?"

कंपाउंडरनं चिठ्ठी वाचली. त्याला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. तो उठला, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाला, "या."

आत औषधांच्या रिकाम्या पेट्या होत्या. आणि भिंतीवर, खुंट्यांना, पाय टांगलेले होते. गुणाबाई दारातच थबकली. कुणाचा गुडघ्यापासून, कुणाचा मांडीपासून. चामड्याला बुरशी आलेली. प्रत्येकाला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी बांधलेली.

"बिघडले का लोक आनून देतात," कंपाउंडर म्हणाला. "मी धाडतो. तिकडून परत येतात. येकाचा बूट नाई, येकाचा नंबर नाई. पुन्हा धाडा, पुन्हा परत. मंग मानसं येतच नाईत बाप्पा. मी टांगून ठेवतो."

"अना ती मानसं?"

कंपाउंडरनं एका पायाची सुटत आलेली चिठ्ठी पुन्हा बांधली.

गुणाबाई कुबडी टेकत भिंतीजवळ गेली. एक पाय तिच्यासारखाच होता, डावा, गुडघ्याखालचा. घोटा धड होता. वरची पोकळी मात्र उभी चिरलेली.

"हा कोनाचा?"

"पत्रूचा. टबावर, कोळशाच्या डब्यावर, काम करे. दोन वर्सं झाले."

"याचा घोटा माह्या पायाले बसन का?"

कंपाउंडर तिच्याकडं बघत राहिला. "बसन बी. वर्कशॉपमधे इसरू मिस्त्री हाय, त्याले इचारा लागन. पन बाई, कागदात लिवलं हाय, दुसऱ्याचा हात लागला तं—"

"कागदवाले मुंबईले हायेत अना मी इथी हाव," गुणाबाई म्हणाली. "पन तुमी याले नका काढू. पयले मी त्या पत्रूभाऊले इचारतो. त्याचा पाय हाय."

पत्रूची खोली कामगारांच्या चाळीत शेवटी होती. बाहेर त्याची बायको नीलाबाई कोळशाच्या भुग्याचे गोळे थापत होती. पत्रू आत बाजेवर होता. दाढी वाढलेली, अंगानं सुटलेला. गुणाबाईनं आपण कोण ते सांगितलं, पायाचं सांगितलं.

"घेऊन जा," पत्रू म्हणाला. "माह्या का कामाचा हाय?"

"तुमी काय करता मंग?"

"का करू? बसून राह्यतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. गुणाबाईला एकाएकी त्या खोलीत कोंडल्यासारखं झालं. ती परत फिरली, दारापर्यंत आली. घोटा मिळाला होता. दुपारच्या गाडीनं निघाली असती तर दुसऱ्या दिवशी घरी, आणि पुढची मंडई सापडली असती. ती उंबऱ्यात कुबडीवर वजन टाकून उभी राहिली. मग परत आत आली.

"पत्रूभाऊ, मी तुमचा घोटा घेतला तं तुमचा पाय सप्पाच मोडला. मले त्याच्यावर चालताना रोज तुमी बाजेवर दिसान. मी नाई घेत. तुमी चला माह्यासंगं."

"कुठी?"

"वर्कशॉपात. दोन्ही पाय नेतो. मिस्त्री का मनते ते पाहू."

"मले नाई येता येत."

"मले येते ना? येक तंगडी मले बी हाय, येक तुमाले बी हाय."

पत्रू हलला नाही. बाहेरून नीलाबाई आली, हात काळे होते, तिनं ते लुगड्याला पुसले. "जा ना," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन वर्सं मी मनून राह्यली. ह्या बाई धानोऱ्यावरून आल्या अना तुमाले चाळीच्या भायेर नाई जाता येत?"

तो गेला. एका बाजूला बायकोचा खांदा, दुसऱ्या हातात काठी. गुणाबाई पुढं. वाटेत चाळीतली माणसं बघायला बाहेर आली, तेव्हा पत्रूनं मान खाली घातली. गुणाबाईनं मात्र बघणाऱ्यांकडं असं पाहिलं की दोन-तीन जण आत गेले.

इसरू मिस्त्रीनं दोन्ही पाय बाकावर आडवे ठेवले. आधी तो तयार नव्हता. माणसाच्या अंगाला लागणारी वस्तू, काही कमीजास्त झालं तर बोलणी कोण खाईल? दवाखान्यातून ते पाय घेऊन कंपाउंडरच मागून आला होता. तो म्हणाला, "कर गा. मी हाव." मग मिस्त्रीनं गुणाबाईच्या घोट्यातली तुटकी खीळ ठोकून काढली. डबे जोडायच्या कडीची एक जुनी पिन त्यानं शोधली, कानसीनं घासून बारीक केली, बसवून पाहिली, पुन्हा घासली. कुणाचाच घोटा काढावा लागला नाही. पत्रूच्या चिरलेल्या पोकळीला त्यानं यंत्राच्या जुन्या पट्ट्याचे दोन तुकडे गुंडाळले आणि रिबिटं मारली. ओबडधोबड झालं. पाऊल जरा बाहेरच्या बाजूला वळलं होतं, आणि पिन मूळच्या खिळीपेक्षा जड होती.

गुणाबाईनं तिथंच लोखंडाच्या ढिगावर बसून पट्टे आवळले. उभी राहिली. घोटा किरकिरला. ती वर्कशॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. कामावरची माणसं हात थांबवून बघत होती. तिला थांबवेना. कुबडी कुठं टाकली हेही तिला आठवेना.

पत्रूनं पाय बांधला, खांबाला धरून उभा राहिला आणि एक पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला तो पडला. तोंडातून शिवी गेली. कुणी हसलं नाही. तो खाली बसूनच म्हणाला, "दुखते. दोन वर्सं झाले, खुंट नरम पडला हाय. उद्या पाहीन."

"उद्या बी दुखन," गुणाबाई म्हणाली. "परवा बी. फोड येतीन, फुटतीन. त्याच्या पुढं मंग बरं वाटते."

त्यानं तिच्याकडं रागानं पाहिलं. तो त्या दिवशी पुन्हा उठला नाही. गुणाबाईला आणखी थांबता येईना. गाडीची वेळ झाली होती. निघताना तिनं कंपाउंडरला सांगितलं, "भिंतीवरच्या पायवाल्याईले निरोप धाडा. मिस्त्री करून देते मना." कंपाउंडरनं मिस्त्रीकडं पाहिलं. मिस्त्रीनं खांदे उडवले, पण नाही म्हणाला नाही.

ती मोहगावी पोचली तेव्हा निम्म्या मंडया होऊन गेल्या होत्या. उरलेल्या तिनं एकही सोडली नाही. पाऊल बाहेर वळलेलं असल्यानं गुडघा दुखायचा. ती घरी आल्यावर एरंडाचं पान गरम करून बांधायची आणि सकाळी पुन्हा टोपलं उचलायची. बापूजी मास्तरांना तिच्या घोट्याचा आवाज ऐकू आला की ते वर्गातून बाहेर येऊन विचारायचे, "कसं आहे?" आणि ती चालता चालताच म्हणायची, "चालू हाय, गुर्जी."

चैतात ती चांद्याला महाकालीच्या जत्रेत सामान मांडून बसली होती. बसली म्हणजे काय, दर घटकेला उठत होती. गर्दीतून एक बाई आली आणि समोर उकिडवी बसली. नीलाबाई. तिच्या मागं, हातातल्या काठीवर सगळा भार टाकून, पत्रू उभा होता. दाढी केलेली होती. चेहरा घामानं डबडबला होता.

"ठेसनापासून चालत आले," नीलाबाई म्हणाली.

"लय दुखते," पत्रू म्हणाला. "तू मनली होती बरं वाटते. कधी वाटते?"

गुणाबाईनं त्याच्या पायाकडं पाहिलं, मिस्त्रीच्या रिबिटांकडं पाहिलं. "माह्या बी दुखून राह्यला," ती म्हणाली. "इथी बसा घडीभर, सावली हाय."

पत्रूनं सावलीकडं पाहिलं. मग देवळाकडं चाललेल्या गर्दीकडं पाहिलं. "नाई," तो म्हणाला. "बसलो तं उठाले लय वेळ लागते. इचे हात घे, बांगड्या भर. हिरव्या दे."

गुणाबाईनं नीलाबाईचा हात हातात घेतला. कोळशानं काळवंडलेला, कडक हात. बांगडी चढेना. ती हळूहळू दाबत, वळवत चढवू लागली.